निकालाआधीचे दिवस : चिंतेविषयी काय कळले आहे, काय कळायचे आहे

प्रश्नाचे स्वरूप

शेवटचा पेपर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत परीक्षार्थीच्या हाती काहीच नसते. उत्तरपत्रिका कुठेतरी तपासली जात असते किंवा तपासून झालेली असते. गुण बहुधा ठरलेलेही असतात, ते फक्त कळलेले नसतात. परीक्षेआधीची भीती निदान माणसाला अभ्यासाला बसवते. निकालाआधीच्या चिंतेला असे काही काम नसते. धोका समोर दिसतो आणि तो टाळण्यासाठी करण्याजोगे काही उरलेले नसते. मानसशास्त्राने या काळाकडे वेगळे लक्ष द्यायला सुरुवात केली ती यामुळेच.

ही प्रतीक्षा सगळीकडे सारखी नसते. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात आणि निकाल मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला लागतो, म्हणजे साधारण दोन-अडीच महिने जातात. कॅलिफोर्नियात वकिलीच्या सनदेची परीक्षा जुलैच्या अखेरीस होते आणि निकाल नोव्हेंबरमध्ये येतो. राज्य लोकसेवा आयोगाच्या उमेदवाराला पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, अंतिम यादी आणि नियुक्तिपत्र अशा टप्प्यांवर पुन्हापुन्हा थांबावे लागते, आणि त्यात काही वर्षे सहज जातात. या सर्वांना एकच सल्ला लागू पडेल असे धरून चालणे हा या विषयावरच्या लोकप्रिय लेखनाचा मोठा दोष आहे.

अभ्यासाची पार्श्वभूमी

परीक्षेच्या चिंतेवरचे संशोधन जुने आहे. जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरासन यांनी १९५२ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली मांडली. १९६७ मध्ये लिबर्ट आणि मॉरिस यांनी तिचे दोन घटक वेगळे केले : मनात फिरत राहणारे काळजीचे विचार, आणि धडधड, घाम, पोटात गोळा येणे ही शरीराची खळबळ. पण या परंपरेचा रोख परीक्षेतील कामगिरीवर होता. चिंतेमुळे गुण किती घटतात, हा तिचा मुख्य प्रश्न. पेपर लिहून झाल्यावर संशोधकांचेही विद्यार्थ्याकडे लक्ष उरत नसे.

याला मोठा अपवाद ठरला तो सुसान फोकमन आणि रिचर्ड लॅझरस यांचा १९८५ चा अभ्यास. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी परीक्षेपूर्वी, परीक्षेनंतर पण गुण कळण्यापूर्वी आणि गुण कळल्यानंतर अशा तीन वेळा गाठले. ताण ही एक स्थिर अवस्था नसून बदलत जाणारी प्रक्रिया आहे, हे त्यांना दाखवायचे होते आणि ते दिसलेही. परीक्षेपूर्वी माहिती मिळवण्यावर आणि प्रत्यक्ष समस्येवर काम करण्यावर भर होता. मधल्या टप्प्यात तो ओसरला आणि त्या विषयापासून मनाने लांब राहण्याकडे कल वाढला. एकाच विद्यार्थ्याच्या मनात एकाच वेळी आशा आणि धास्ती दोन्ही नांदत असल्याचेही आढळले. घरोघरी हे माहीत असते, पण एका वेळी एकच भावना मोजणाऱ्या प्रश्नावल्यांतून ते निसटत होते.

मधला टप्पा हाच स्वतंत्र विषय व्हायला आणखी पंचवीस वर्षे गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील केट स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतरच्या दशकात अनिश्चित प्रतीक्षेवर सलग काम केले. त्यांचे आवडते परीक्षार्थी म्हणजे वर उल्लेखिलेले सनदेचे उमेदवार. चार महिन्यांचा काळ, निश्चित शेवट आणि करिअरचा प्रश्न, असे सगळे तिथे एकत्र सापडते.

चिंता केव्हा वाढते

काळ सरेल तशी चिंता ओसरते, असा सर्वसाधारण समज आहे. स्वीनी आणि सारा अँड्र्यूज यांच्या २०१४ च्या पाहणीत वेगळे चित्र दिसले. परीक्षा संपताच चिंता जास्त असते, मधल्या काळात ती खाली बसते आणि निकाल जवळ आला की पुन्हा चढते. मधले आठवडे तुलनेने शांत जातात, कारण तेव्हा पेपरही मागे पडलेला असतो आणि निकालही दूर असतो. याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे : मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अचानक झोप उडालेला विद्यार्थी बिघडलेला नसतो, तो वेळापत्रकाप्रमाणेच चाललेला असतो.

चिंतेमागे निकाल वाईट लागण्याची भीती किती आणि काहीच न कळण्याचा जाच किती, हा वेगळा प्रश्न. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना संगणकाच्या पडद्यावरील दगडांखाली साप आहे की नाही हे ओळखायचे होते. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखरा झटका बसे. झटका नक्की बसणार हे माहीत असताना जितका ताण होता, त्याहून अधिक ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना आढळला. परीक्षेचा निकाल म्हणजे विजेचा झटका नव्हे आणि प्रयोगशाळेतून थेट घरात उडी मारणे धोक्याचे असते. तरीही काठावर असलेल्या विद्यार्थ्याची घालमेल नापास होण्याची खात्री असलेल्यापेक्षा जास्त का असते, याचा काही उलगडा यातून होतो.

अनिश्चिततेचा परिणाम निर्णयांवरही होतो. एमोस ट्वर्स्की आणि एल्डार शाफिर यांनी १९९२ मध्ये विद्यार्थ्यांपुढे एक काल्पनिक प्रसंग ठेवला : अवघड परीक्षा झाली आहे आणि हवाईची सहल स्वस्तात मिळते आहे. पास झालो असे धरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सहल घ्यायचे ठरवले, नापास झालो असे धरणाऱ्यांपैकी बहुतेकांनीही तेच. निकाल माहीत नाही असे सांगितलेल्यांपैकी बहुसंख्यांनी मात्र निर्णय पुढे ढकलण्यासाठी वर थोडे पैसे मोजायची तयारी दाखवली. निकाल काहीही लागला तरी जे करायचेच आहे, तेही निकालाविना करवत नाही. ‘आधी निकाल लागू दे, मग बघू’ म्हणून क्लासची चौकशी, गावी जाणे, अगदी चष्म्याचा नंबर तपासणेसुद्धा अडकवून ठेवणाऱ्या घरांना हा प्रयोग ओळखीचा वाटेल.

उपायांविषयीची मते

पहिले मत सर्वांत लोकप्रिय आहे : मन दुसरीकडे वळवा. सिनेमा, प्रवास, सुट्टीतला एखादा कोर्स. यामागे अर्धे सत्य आहे. विचार जबरदस्तीने दाबण्याचा प्रयत्न उलटतो, हे डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या पांढऱ्या अस्वलाच्या प्रयोगापासून माहीत आहे. अस्वलाचा विचार करू नका असे बजावल्यावर लोकांच्या मनात तेच पुन्हापुन्हा आले. म्हणून ‘निकालाचा विचारच करू नकोस’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो. नुसता वेळ घालवणारा विरंगुळाही फारसा टिकत नाही, पडद्यासमोर बसून मन निकालाकडेच जाते. त्याऐवजी ज्या कामात माणूस पुरता गुंततो, कौशल्य लागते आणि प्रगती दिसत राहते, अशा कामाचा फायदा होतो असे कायला रँकिन, लिसा वॉल्श आणि स्वीनी यांच्या २०१९ मधील अभ्यासात दिसले. तबल्याचा रियाज, पोहायला शिकणे, सायकल खोलून पुन्हा जोडणे, कोडिंग, बुद्धिबळ यांपैकी काहीही चालेल, फक्त ते फार सोपे किंवा फार अवघड नको.

दुसरे मत नेमके उलट दिशेचे : वाईटाची तयारी ठेवा. जेम्स शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की विद्यार्थ्यांचा स्वतःच्या गुणांविषयीचा अंदाज निकालाच्या बराच आधी आशावादी असतो आणि गुण हातात पडण्याच्या क्षणी तो प्रत्यक्ष गुणांपेक्षाही खाली आलेला असतो. हा निव्वळ घाबरटपणा नव्हे. अपेक्षा खाली आणली की धक्का कमी बसतो आणि चांगली बातमी अधिक गोड लागते. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये वर्णन केलेले बचावात्मक निराशावादी विद्यार्थी तर या मार्गाने आपली चिंता कामाला लावतात. त्यांना बळेच आशावादी करण्यात अर्थ नाही. प्रश्न वेळेचा आहे. निकालाआधी दोन दिवस अशी तयारी उपयोगी पडते. दोन महिने आधीपासून केलेली तीच तयारी म्हणजे रोज एकदा नापास होणे.

तिसरे मत विचारांच्या तपासणीचे. ॲल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला घेतलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. कि. मो. फडके यांनी तिचा प्रसार केला आणि ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’चे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती मराठी वाचक-श्रोत्यांपर्यंत नेली. या पद्धतीनुसार चिंता निकालातून येत नाही, निकालाविषयीच्या हट्टी मागणीतून येते. ‘नव्वद टक्के मिळावेत’ ही इच्छा आहे. ‘नव्वद मिळालेच पाहिजेत, नाहीतर सगळे संपले’ ही मागणी. इच्छा ठेवणाऱ्यालाही काळजी वाटते, पण ती पेलवते आणि पुढचे पर्याय शोधायला जागा ठेवते. याच कुळातला दुसरा उपाय थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासला : काळजीसाठी दिवसातला अर्धा तास आणि एक ठरावीक जागा नेमून द्यायची, एरवी काळजी आली की ती त्या वेळेवर ढकलायची. हा उपाय साधा असून तुलनेने कमी वापरला जातो.

या मतावरचा आक्षेपही वजनदार आहे. ज्या कुटुंबात शासकीय महाविद्यालयातील एका जागेवर घराचे पुढचे गणित उभे आहे, तिथे ‘नाहीतर सगळे संपले’ हा विचार अविवेकी असला तरी निराधार नसतो. खासगी महाविद्यालयाची फी परवडत नाही, ही काही विचारांतील चूक नव्हे. या पद्धतीचे जाणकार समर्थक यावर सांगतात की परिस्थितीचे गांभीर्य नाकारण्याचा हेतूच नाही, त्यावरून स्वतःची किंमत ठरवू नये एवढेच म्हणणे आहे. हा वाद मिटलेला नाही.

चौथे मत वर्तमानात राहण्याचे. स्वीनी आणि जेनिफर हॉवेल यांच्या २०१७ मधील अभ्यासात सनदेच्या उमेदवारांनी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटांचा सजगतेचा सराव केला. त्यांच्यात वाईटाची तयारी लांबणीवर पडली आणि प्रतीक्षा तुलनेने सुसह्य झाली. आपल्याकडे श्वासावर लक्ष, विपश्यना किंवा नामस्मरण या रूपांत असेच काही पूर्वापार चालत आले आहे. फळाची आसक्ती सोडण्याचा गीतेतील उपदेशही या काळात हमखास ऐकवला जातो. ऐकवणारे बहुधा स्वतः मोबाइलवर निकालाची तारीख शोधत असतात, हा भाग वेगळा.

चांगली प्रतीक्षा म्हणजे कोणती

या सर्व मतांखाली एक गृहीतक आहे : चिंता जितकी कमी तितकी प्रतीक्षा चांगली. स्वीनी आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधील शोधनिबंधाने त्यालाच हात घातला. सनदेच्या २३० उमेदवारांना चार महिने वारंवार प्रश्नावल्या देण्यात आल्या. आशावाद, मन वळवणे, विचार दाबणे, वाईटाची तयारी अशा नेहमीच्या युक्त्यांनी त्यांची चिंता फारशी कमी झाली नाही, काही वेळा वाढली. पुढचा निष्कर्ष अधिक अनपेक्षित होता. ज्यांनी प्रतीक्षा तळमळत काढली, त्यांनी वाईट निकाल अधिक खंबीरपणे हाताळला आणि चांगल्या निकालाचा आनंदही अधिक घेतला. निवांत राहिलेल्यांना नापासाची बातमी जड गेली.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. प्रतीक्षेचे दिवस बरे कसे जातील, हा एक. निकालाच्या दिवशी माणूस सावध कसा असेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या आड येऊ शकते. सल्ला देणारे पालक, शिक्षक आणि समुपदेशक हे दोन प्रश्न सहसा एकच समजतात, आणि त्यामुळे त्यांचे सल्ले एकमेकांना छेदतात. या निष्कर्षाचा उलटा अर्थ काढून मुलांना तळमळू द्यावे असे म्हणणे मात्र चुकीचे होईल. उमेदवार प्रौढ, पदवीधर आणि पुन्हा परीक्षेला बसण्याची मुभा असलेले होते. तळमळीमुळे तयारी झाली की मुळात तयारीच्या वृत्तीचे लोक जास्त तळमळतात, हेही अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून ठरत नाही.

उत्तरतालिका आणि कट-ऑफ

वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षांनी प्रतीक्षेचे रूप बदलले आहे. नीट, जेईई आणि एमपीएससी यांत आधी तात्पुरती उत्तरतालिका येते, हरकती घेतल्या जातात आणि मग अंतिम उत्तरतालिका लागते. विद्यार्थी आपले गुण आधीच मोजून बसतो. अनिश्चितता संपत मात्र नाही, ती गुणांवरून कट-ऑफवर सरकते. हरकतीमुळे दोन प्रश्न रद्द होतील का, इतरांना किती मिळाले, आपल्या प्रवर्गाची रेषा कुठे थांबेल, यांवर टेलिग्रामच्या ग्रुपांत दिवसरात्र खल चालतो. तिथे आपले गुण बिनधास्त लिहिणारे बहुधा जास्त गुणांचे असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला स्पर्धा आहे त्याहून भयंकर दिसते.

उत्तरतालिका पाहावी की नाही, यावर एकच उत्तर नाही. सुझान मिलर यांनी १९८० च्या दशकात धोक्याची माहिती शोधत राहणारे आणि ती टाळणारे असे दोन स्वभाव वर्णन केले. पहिल्यांना माहिती मिळाल्याने बरे वाटते, दुसऱ्यांवर ती लादली तर त्रास वाढतो. घरात एक मूल पेपरावरून येताच उत्तरे ताडून पाहते आणि दुसरे प्रश्नपत्रिका कपाटात टाकते, यात कोणाचे चुकते असे नाही. फक्त दुसऱ्याला पहिल्यासारखे वागायला लावू नये, एवढे संशोधनावरून म्हणता येते.

व्यवस्थेची बाजू

वरील चर्चा व्यक्तीच्या मनापुरती राहिली. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक आणि विद्यार्थी संघटना म्हणतात की प्रतीक्षा ही हवामानासारखी आपोआप येत नाही, तिची लांबी, तारीख आणि विश्वासार्हता कोणीतरी ठरवते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार निकाल शक्यतो ३० दिवसांत आणि कोणत्याही स्थितीत ४५ दिवसांत लागायला हवा. १९९४ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली तेव्हा राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, अनेक निकाल त्यानंतर कित्येक आठवडे रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. परदेशी प्रवेश हातचे गेलेल्या विद्यार्थ्याला तेव्हा दीर्घ श्वसनाचा सल्ला देणे अप्रस्तुत ठरले असते.

निकाल लागूनही प्रतीक्षा न संपण्याची उदाहरणे आहेत. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेतून निवड झालेल्या चारशेहून अधिक उमेदवारांची अंतिम यादी जून २०२० मध्ये लागली. पण आरक्षणाच्या खटल्यात सप्टेंबरमध्ये स्थगिती आली आणि नियुक्त्या वर्षाहून अधिक काळ अडकल्या. २०२४ ची नीट ५ मे रोजी झाली. निकाल जाहीर तारखेच्या दहा दिवस आधी, ४ जूनला, लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी लागला. मग वाढीव गुण रद्द झाले, १,५६३ विद्यार्थ्यांना फेरपरीक्षेचा पर्याय मिळाला, सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलैला संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला आणि सुधारित निकाल २६ जुलैला आला. हाती आलेले गुण खरे की तात्पुरते, हे त्या सात आठवड्यांत लातूरच्या विद्यार्थ्यालाही कळत नव्हते आणि कोट्याच्याही.

काही सुधारणा झाल्या आहेत आणि त्यांचा रोख निकालाच्या दिवसाची दाहकता कमी करण्यावर आहे. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली. मार्चमध्ये नापास झालेल्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१५ पासून जुलैत पुरवणी परीक्षा सुरू झाली, त्यामुळे वर्ष वाया जाण्याची भीती काही अंशी कमी झाली. एक-दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीत जाता येते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मिळते. हा हक्क सहज आलेला नाही. १९८४ मध्ये परितोष भूपेशकुमार शेठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका दाखवणे आणि पुनर्मूल्यांकन नाकारणारा महाराष्ट्र मंडळाचा नियम वैध ठरवला होता. २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने माहिती अधिकाराखाली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. दाद मागता येते हे ठाऊक असले की निकालाची भीती कमी होते की उलट आणखी एक प्रतीक्षा सुरू होते, याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

मदत केव्हा लागते

बहुतेकांची चिंता निकालाबरोबर ओसरते. काहींची ओसरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. या नोंदींत ‘परीक्षेतील अपयश’ हे कारण वेगळे दाखवले जाते, पण आत्महत्येला एकच कारण जोडणे ही कागदोपत्री सोय आहे. आधीचे नैराश्य, घरातील तणाव, एकटेपणा, कर्ज यांची गुंतागुंत त्या रकान्यात मावत नाही. झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडणे, माणसांत मिसळणे बंद होणे, आपण ओझे आहोत असे बोलणे, निरवानिरवीची भाषा येणे या खुणा दिसल्या तर निकालाची वाट न पाहता तज्ज्ञांकडे जावे, याबाबत दुमत नाही. अशा विचारांबद्दल थेट विचारल्याने ते बळावत नाहीत, हेही आता मान्य झाले आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. सीबीएसई १९९८ पासून परीक्षेपूर्वी आणि निकालानंतर समुपदेशन देते. परीक्षा आणि निकाल यांच्या मधला काळ मात्र या समुपदेशनात मोकळाच राहतो.

अनिर्णीत मुद्दे

सर्वांत मोठी अडचण पुराव्याची. प्रतीक्षेवरचे भक्कम संशोधन अमेरिकेतील पदवीधरांवर झालेले आहे. आपल्याकडची माहिती मुख्यतः एकदाच घेतलेल्या पाहण्यांतून येते. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३.७९ लाख विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ८१ टक्क्यांनी चिंतेची कारणे म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवले. तिन्ही एकाच वाक्यात बांधल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेचा वाटा किती, ते सांगता येत नाही.

दुसरा मुद्दा कुटुंबाचा. पाश्चात्त्य अभ्यासांत वाट पाहणारी व्यक्ती एकटी असते. इथे आईवडील, आजी, क्लासचे सर आणि शेजारी सगळेच वाट पाहतात, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल उघडायलाही बैठक क्रमांकाबरोबर आईचे नाव लागते. पालकांची चिंता मुलात उतरते की मुलाची चिंता पालक वाटून घेतात, याचे उत्तर मोजमापाने द्यावे लागेल.

तिसरा मुद्दा तारखेचा. निकालाचा दिवस परीक्षेच्या वेळापत्रकाबरोबरच जाहीर करावा, असा एक पक्ष आहे. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलचा दिवस आधीपासून ठरलेला असतो. आपल्याकडे मंडळ तारीख बहुधा आदल्या दिवशी किंवा थोडेच दिवस आधी सांगते, आणि तोपर्यंत समाजमाध्यमांवर खोट्या तारखा फिरत राहतात. प्रत्येक खोट्या तारखेला चिंतेचा शेवटचा चढ नव्याने चढावा लागतो, असे वरच्या संशोधनावरून अनुमान निघते. तपासणीला उशीर झाला तर जाहीर तारीख मोडणे अधिक त्रासदायक ठरेल, हा प्रशासनाचा प्रतिवादही फोल नाही. नऊ विभागीय मंडळे असलेल्या राज्यात या दोन्हींची तुलना करून पाहणे अवघड नाही, पण निकाल सर्व विभागांचा एकाच दिवशी, दुपारी एक वाजता लावण्याची प्रथा आहे, त्यामुळे असा प्रयोग करायचा तर दोन वेगवेगळ्या वर्षांची तुलना करावी लागेल.